चार बोटांची पैज

पैज लागली ती आवारातल्या बाकावर, संध्याकाळी साडेपाचला, आणि ती लागण्याचं खरं कारण एवढंच की आम्हा तिघांपैकी कुणालाच घरी जायची घाई नव्हती.

तिघं म्हणजे मी, आमच्या खालच्या मजल्यावरचे लेव्हलकाका आणि वरच्या मजल्यावरच्या बाई. लेव्हलकाकांचा जन्म रस्ते बांधण्यात गेला. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, पण लेव्हल बघायची ती छोटी काचेची नळी अजून त्यांच्या खिशात असते. कुठेही बसायच्या आधी नळी टेकवायची, आतला बुडबुडा मध्ये आहे ना ते बघायचं, मगच टेकायचं. मी एकदा तीन आठवडे रोज त्या बाकाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याचा एकेक तुकडा सरकवत होतो. बुडबुडा रोज केसभर हलायचा. काकांना बाकाचा संशय आला नाही, स्वतःचाच आला. बाविसाव्या दिवशी ते कानाच्या डॉक्टरकडे गेले, तेव्हा मी पुठ्ठे काढून घेतले. काका म्हणाले, औषधाला गुण आहे.

बाई पूर्वी गणित शिकवायच्या, आता इमारतीच्या समितीच्या सेक्रेटरी आहेत. आधी चाळीस मुलं होती, आता चोवीस बिऱ्हाडं आहेत, बाकी काही फरक पडलेला नाही. लिफ्टमध्ये 'ही लिफ्ट फक्त वर जाते, उतरताना जिना वापरावा' अशी पाटी मी लावली होती आणि चोवीस बिऱ्हाडं तीन दिवस मुकाट्यानं जिना उतरली होती, हे त्या अजून विसरलेल्या नाहीत.

"घसरते म्हणजे नेमकी किती घसरते?" काकांनी विचारलं.

विषय चटईचा होता. आमची मुलगी लांब नोकरीला असते. तिनं तिच्या आईसाठी नाचायची चटई पाठवली होती. मऊ, पातळ गादीसारखी, मधे चार बाण. बाणात दिवे. जो बाण पेटेल त्यावर पाय टाकायचा, की पुढचा पेटतो. कडेला एक डबी आणि डबीत बारा गाणी, नुसती वाजवलेली, शब्द नसलेली. पाय चुकला की डबी टुक करते. टुक फार सभ्य आहे, पण लागतं.

"सुरुवातीला हॉलच्या मधे असते," मी म्हटलं, "गाणं संपेपर्यंत खिडकीशी पोचते."

"पोचणारच. तुझ्या त्या फरशीवर माशी टेकत नाही, चटई काय टेकेल? पॉलिश उतरव आधी. खरवडून काढ."

"पॉलिशला हात लागणार नाही, काका. चटई थांबवून दाखवतो."

"नाही थांबणार."

"थांबेल."

"लाव पैज."

"लावली."

बाईंनी पिशवीतून समितीची वही काढली आणि मागच्या पानावर लिहिलं: रविवारी दुपारी चार वाजता वजनमापे यांच्या हॉलमध्ये त्यांच्या पत्नीनं सात नंबरचं गाणं पूर्ण नाचावं. चटई चार बोटांपेक्षा जास्त सरकल्यास वजनमापे हरले, न सरकल्यास काका हरले. हरणाऱ्यानं आवारात सर्वांसमोर त्याच चटईवर एक गाणं पूर्ण नाचावं.

वजनमापे म्हणजे मी. वजनमापांच्या कचेरीत आहे, म्हणून बाईंनी ठेवलेलं नाव. खरं नाव आता घरपट्टीच्या कागदावरच उरलंय.

"अजून एक लिहा," काका म्हणाले. "नाचून झाल्यावर मोठ्यानं म्हणायचं, चूक माझी होती."

"ते कशाला?" मी विचारलं.

"नाचायला काय, तू लाज विकून खाल्लेला माणूस आहेस. हे म्हणून दाखव."

बाईंनी ते लिहिलं, खाली रेघ मारली, आणि आम्ही दोघांनी सह्या केल्या.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती खिडकीशी खुर्चीत बसली होती, काठी मांडीवर आडवी.

"नाचायचं मी," ती म्हणाली, "आणि सह्या तुमच्या."

"तसं नाही गं."

"तसंच आहे. बरं, ऐका. रविवारपर्यंत बघते. नाही जमलं तर ती चटई माळ्यावर टाका, आणि मग मला कुणी ऊठ म्हणायचं नाही. तुम्ही नाही, डॉक्टरांनी नाही, लेकीनंही नाही."

आता ही काठी कुठून आली ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं तर फरशीपासून सुरुवात करायला हवी.

फरशी हा माझा छंद. आठ महिन्यांपूर्वी मी हॉलला पॉलिश करून घेतलं. चार दिवस मशीन फिरत होतं, घरभर पांढरा चिखल, आणि पाचव्या दिवशी जे काही निघालं ते बघून मी चपला काढून हातात घेतल्या. छताचा पंखा खाली दिसायचा, उलटा, सावकाश फिरणारा, विहिरीच्या तळाशी कुणी विसरून गेल्यासारखा. दुपारी चारला ऊन आत यायचं आणि खिडकीतलं सगळं आभाळ हॉलमध्ये येऊन आडवं व्हायचं. रविवारी मी सोफ्यावर पडून डोळे अर्धे मिटले की ढग सोफ्याखालून जायचे. पाय खाली सोडायला नको वाटायचं, ओले होतील म्हणून.

काकांनी तेव्हाच सांगितलं होतं. नळी टेकवून म्हणाले होते, "लेव्हल बरोबर आहे. पण आरसा भिंतीवर शोभतो रे, पायाखाली नाही." मी हसलो होतो.

सहाव्या दिवशी बायको न्हाणीघरातून ओल्या पायांनी बाहेर आली आणि आभाळावरून घसरली. डावा घोटा मोडला. दीड महिना प्लास्टर, मग काठी. भेटायला येणाऱ्याला मी सांगायचो, "तळं समजून सूर मारला हो हिनं." लोक हसायचे. तीही हसायची. इमारतीत हा विनोद इतका चालला की मी तो थांबवायचाच विसरलो. प्लास्टर निघालं, डॉक्टर म्हणाले हाड एकदम छान जुळलंय, काठी सोडा. ती सोडेना. त्या फरशीवर ती भिंतीच्या कडेकडेनं चालायची, हॉलच्या मधे कधीच नाही. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता पायाचं काही नाही. घाबरणं बरं व्हायला पाहिजे. त्याचं औषध माझ्याकडे नाही."

म्हणून लेकीनं चटई पाठवली. आणि पहिल्याच दिवशी, काठी भिंतीला टेकवून, बायको हॉलच्या मधे गेली. सात नंबर लावलं. सात नंबर हळू गाणं आहे, दुपारी झोप लागायच्या आधी जे काही ऐकू येतं त्याच्यासारखं. ती एकेक पाऊल टाकत होती आणि चटई, तिला घेऊन, ढगांवरून हळूहळू खिडकीकडे निघाली होती. ती बाणांकडे बघत होती म्हणून तिला कळलं नाही. मला दिसत होतं. मी सांगितलं नाही, कारण आठ महिन्यांत मी तिला इतकं आनंदात पाहिलं नव्हतं. माझ्या मनात आलं, खिडकी उघडी असती तर ही अशीच बाहेर गेली असती, आवारावरून, झाडांवरून, टुक न होता.

मग चटई भिंतीला लागली, तिनं दचकून पडदा धरला, आणि पडदा, दांडा आणि दांड्याचे दोन्ही खिळे खाली आले. ती पडली नाही. पण तिनं काठी उचलली आणि दोन दिवस चटईकडे बघितलं नाही.

तर पैज अशी होती. काकांना वाटत होतं ती पॉलिशची आहे. मलाही तसंच वाटावं म्हणून मी बरीच खटपट केली.

पहिला सल्ला बाईंचा. "चटईखाली ओलं फडकं घाला. फळ्यावर ओलं डस्टर चिकटून राहतं." घातलं. बाईंच्या फळ्यावर चिकटत असेल. आमच्याकडे चटईला वंगण मिळालं. प्रयोग मी स्वतःवर केला म्हणून बरं, कारण दुसऱ्याच बाणाला मी चटईसकट स्वयंपाकघरात होतो. डबी मागे हॉलमधून टुक म्हणाली, वायर निघाल्यामुळे.

मग दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. ही मात्र भारी निघाली. चटई जागची हलेना. मी खूश होऊन तीन गाणी नाचलो, एक तर डोळे मिटून. अडचण चटई उचलताना आली. मी कोपरा ओढला तेव्हा चटईची पाठ फरशीवर राहिली आणि फरशीचं पॉलिश टेपवर आलं. दाभण आणि जाड दोरा घेऊन मी रात्रीच्या जेवणापर्यंत चटई शिवत होतो. फरशीवर मात्र एक लांब, मळकट पट्टा उघडा पडला होता. ढग तिथे आले की मधेच तुटायचे. मला ते बघवेना. त्या पट्ट्यावर माझा पाय जरा घट्ट बसतोय हे मला जाणवलं होतं, पण मी तिकडे लक्ष दिलं नाही. खुर्ची सरकवून पट्टा झाकला.

बायको खुर्चीत बसून हे सगळं बघत होती. "काका म्हणतात ते करून बघा ना," ती म्हणाली.

"काकांचं ऐकून पैज जिंकता येते का?"

"बरं," ती म्हणाली. तिचं हे 'बरं' मला पंचवीस वर्षांत नीट कळलेलं नाही.

मग माझ्या डोक्यात कचेरी आली. आमच्याकडे तपासणीची लोखंडी वजनं असतात, वीस किलोची एक अशी. गावातल्या सगळ्या तराजूंनी त्यांच्यासमोर मान खाली घालायची असते. चार कोपऱ्यांवर चार ठेवली तर चटई जाईल कुठे? मी वजनं बाहेर नेण्याचा अर्ज भरला. 'प्रयोजन' या रकान्यात लिहिलं, स्थैर्य-चाचणी.

साहेबांनी चष्मा कपाळावर नेला. "कशाच्या स्थैर्याची?"

"एका पृष्ठभागाच्या, साहेब."

"व्यापारी की घरगुती?"

"घरगुती."

"घरगुती पृष्ठभाग आपल्या अखत्यारीत येतो का?"

"येत नाही, साहेब. म्हणून तर कुणी तपासत नाही."

साहेबांना हे वाक्य कुठेतरी खोलवर पटलं. त्यांनी सही केली. मात्र अट घातली की परत करताना वजनं तेवढीच भरली पाहिजेत, केसभरही कमी नाही.

ऐंशी किलो लोखंड दोन खेपांत घरी आणलं. पहिली तीन वजनं नीट बसली. चौथं ठेवताना हात निसटला. आवाज फार मोठा नव्हता, पण इमारत जागच्या जागी एकदा बसून उठल्यासारखी वाटली. दोन मिनिटांत लेव्हलकाका दारात. हातात चहाचा कप, कपात छताचा पोपडा तरंगत होता.

"मी बिस्किट बुडवत होतो," ते म्हणाले. "हे त्याच्या आधी पडलं."

माझी फरशी सलामत होती. वजनाला मात्र कडेला खरचटलं होतं, म्हणजे त्याची फेरतपासणी आली. माझ्या हयातीत मी दीडेकशे दुकानदारांना फेरतपासणीला पाठवलंय. दुसऱ्या दिवशी त्यांच्याच रांगेत, त्यांच्याच बाकड्यावर, मांडीवर वजन घेऊन दीड तास बसलो. शेजारी एक कापडवाला होता. मागच्याच महिन्यात मी त्याला दंड केला होता, कारण तो हातानं कापड मोजायचा, कोपरापासून बोटांपर्यंत. मी त्याला तेव्हा भाषण दिलं होतं की माप माणसागणिक बदलत नसतं, तुझा हात वेगळा, माझा हात वेगळा. तो माझ्या मांडीवरच्या वजनाकडे बघत होता.  मग त्यानं नुसतं सरकून मला जागा दिली, आणि ते मला फार लागलं.

घरी आलो तर दाराला समितीची नोटीस. 'निवासी खोल्यांत औद्योगिक वजनं ठेवण्यास मनाई. ठेवायची असल्यास खालच्या मजल्यावरील रहिवाशाचं ना हरकत पत्र जोडावं.' खालच्या मजल्यावरचे रहिवासी लेव्हलकाका. मी पत्र मागायला गेलो. काका म्हणाले, "देतो की. आधी म्हण, चूक माझी होती." मी वजनं परत केली.

तसंही वजनांनी काम भागलं नव्हतं. कोपरे जागच्या जागी राहायचे आणि मधली चटई चादरीसारखी चुरगळायची. बायकोनं एकदाच पाय ठेवून बघितला, अंगठा वजनाला लागला, आणि ती खुर्चीत जाऊन बसली. रविवार दोन दिवसांवर होता. त्या दुपारी ऊन आलं, आभाळ आडवं झालं, आणि ती भिंतीला धरून, कडेकडेनं, आभाळाला वळसा घालून स्वयंपाकघरात गेली. मला पहिल्यांदाच फरशीचा राग आला. पण अगदी थोडा. राग म्हणायचा की काय, कळलं नाही.

शेवटी मी नाक्यावरच्या चांभाराकडे गेलो. तो चपला, बॅगा, छत्र्या सगळं शिवतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघत नाही, फक्त पायात काय आहे ते बघतो. मी चटई उलटी करून त्याच्यासमोर धरली.

"शिलाई कुणाची?" त्यानं विचारलं.

"माझी."

"कुणाला सांगू नका." मग त्यानं पाठीवरून हात फिरवला. "नाचतं कोण?"

"घरची."

"त्यांच्या रोजच्या चपला आणा."

चपला कशाला ते कळेना, पण घेऊन आलो. त्यानं त्या शेजारी शेजारी पालथ्या ठेवल्या. उजवीचा तळ झिजून गुळगुळीत झाला होता. डावीचा नवा कोरा.

"बघा," तो म्हणाला. "घरच्या बाई डावा पाय टेकतच नाहीत. सगळा जोर उजव्यावर. मग चटई डावीकडेच पळणार. तुमची खिडकी डाव्या हाताला आहे ना?"

मी मान हलवली.

"मी रबर लावून देतो. पण रबर चटईला लागतं, पायाला नाही."

त्यानं टायरच्या रबराच्या आठ पट्ट्या कापल्या, तळ कानशीनं खरवडला, सोल्युशन लावलं आणि सांगितलं, रविवार सकाळपर्यंत चटई उलटी पडू द्या. त्या चपला मी पिशवीत घालून परत आणल्या. वाटेत दोनदा पिशवी उघडून डावीचा तळ बघितला. आठ महिन्यांची चप्पल, दुकानातून आणल्यासारखी.

रविवारी चार वाजता हॉलमध्ये आम्ही चौघं. बाई वही घेऊन सोफ्यावर, काका खडू घेऊन जमिनीवर. त्यांनी चटईच्या कडेनं फरशीवर खडूची रेघ मारली, नळी टेकवली, बुडबुडा मध्ये आहे असं जाहीर केलं. आभाळ आलेलंच होतं. घरभर सोल्युशनचा गोडसर वास, त्यानं आणखीच गुंगी येत होती. बायकोनं काठी माझ्याकडे न देता भिंतीला टेकवली आणि सात नंबर लावलं.

चटई हलली नाही.

एक मिनिट झालं, हलली नाही. दोन झाली. रबर फरशीला जळूसारखं धरून होतं. बायकोचा पदर पंख्यानं जरासा हलत होता, खाली दुसरा पंखा उलटा फिरत होता, आणि ती त्या दोन पंख्यांच्या मधे कुठेतरी चालत होती. मला वाटलं, जिंकलो. मला वाटलं, आता काही म्हणायची गरज नाही. काका हळूहळू पांढरे पडत होते. त्यांनी चपलांचे पट्टे सैल करायला घेतले.

गाणं संपायला दहा-बारा सेकंद राहिले आणि डावा बाण पेटला. या वेळी नुसतं बोट लावून भागणार नव्हतं, डाव्या पायावर जोर दिल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. ती क्षणभर थांबली. खाली बघितलं. तिला काय दिसलं असेल ते मला माहीत आहे, आठ महिने मीच कौतुकानं ते सगळ्यांना दाखवत होतो. तिनं डावा पाय उचलून घेतला, उजव्यावर सगळा भार टाकला, रबर चर्रकन ओरडलं आणि चटई सरकली. डबी म्हणाली, टुक.

काका वाकले. रेघ आणि चटई यांच्या मधे आपली बोटं आडवी ठेवली. रस्त्याच्या माणसाची बोटं, केळ्यांसारखी. पुन्हा एकदा मोजलं.

"साडेतीन," ते म्हणाले. खोटं बोलता येत नाही, हा त्यांचा मोठा दोष आहे.

मी वाकलो. माझी बोटं ठेवली. बरोबर चार. "चारपेक्षा जास्त नाही," मी म्हटलं. "काका, उठा, नाचायला लागा."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांनी वही उघडली. "यात चार बोटं असं लिहिलंय. कुणाची ते लिहिलेलं नाही."

 तिघंही माझ्याकडे बघायला लागले. बावीस वर्षं मी दुसऱ्यांच्या मापांवर शिक्के मारले. आणि स्वतःची पैज लावली ती बोटांवर. मला कापडवाला आठवला. बाकड्यावर सरकून त्यानं दिलेली ती जागा आठवली.

"नाच माझा," बायको म्हणाली. "चटई माझी. मग बोटंही माझी."

आणि ती खाली बसली. भिंतीला न धरता, त्या फरशीवर, सरळ मांडी घालून. आठ महिन्यांत पहिल्यांदा. आपली बारीक बोटं तिनं रेघेपासून आडवी लावली. चार झाली. जागा उरली होती. तिथे अंगठाही मावला.

"पाच," ती म्हणाली. "हरलात."

काका चपलांचे पट्टे पुन्हा घट्ट करू लागले. त्यांच्या चेहऱ्यावर असं होतं की आपण जिंकलो हे त्यांना अजून कुणी नीट समजावून सांगायला हवं.

"अगं, पण मग चटई माळ्यावर," मी हळूच म्हटलं.

"आधी तुमचं देणं द्या. मग बघू."

खाली जायला पाच मिनिटं लागली आणि तेवढ्यात चोवीस बिऱ्हाडांना कळलं. गॅलऱ्या भरल्या. आवारात खुर्च्या आल्या. माझ्यावर राग असलेली माणसं इतकी आहेत हे मला माहीत होतं, पण ती एकाच वेळी घरी असतील असं वाटलं नव्हतं. लिफ्टची पाटी वाचून गुडघे दुखेपर्यंत जिना उतरलेले सगळे पहिल्या रांगेत होते.

आवारातलं सिमेंट काकांनीच घालून घेतलंय. ओलं असताना त्यावर खराटा ओढलेला, त्याच्या बारीक रेघा अजून आहेत. चमक शून्य. आभाळ तिथे खाली येत नाही, आपलं वरच राहतं. मी चटई अंथरली, चपला काढल्या, आणि वाट बघत उभा राहिलो.

बायकोनं डबीचं बटण दाबलं. अकरा नंबर वाजायला लागलं. अकरा नंबर म्हणजे भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली येताना ऐकल्यासारखं आहे.

"सात," मी म्हटलं.

"एक गाणं एवढंच लिहिलंय," बाई वहीत बघून म्हणाल्या. "कुठलं ते नाही."

मी नाचलो. नाचलो म्हणजे चार बाण एकाच वेळी पेटत होते आणि मला पाय दोनच आहेत. डबी इतक्या वेळा टुक म्हणाली की शेवटी तेच गाणं वाटायला लागलं. लोक टाळ्या वाजवून ठेका देत होते, चुकीचा. साधारण मधे कुठेतरी मला धाप लागली, कान भरून आले, सगळे आवाज लांब गेले, आणि मी खाली बघितलं. मी आपटतोय, उड्या मारतोय, एका पायावर पडतोय, आणि चटई जिथे घातली तिथेच आहे. एकटी. शांत. खराट्याच्या रेघांना धरून.

गाणं संपलं. आता ते म्हणायचं होतं.

तोंडात तीन विनोद तयार होते, तिन्ही चांगले. गॅलऱ्या वाट बघत होत्या. काका हात मागे बांधून उभे. बायको काठीवर टेकून, अगदी समोर.

"चूक माझी होती," मी म्हटलं.

"मोठ्यानं," कुणीतरी वरून म्हणालं.

"चूक माझी होती."

लोक हसले, टाळ्या झाल्या. बायको हसली नाही. "कसली?" तिनं विचारलं. हे वहीत लिहिलेलं नव्हतं.

"फरशीची," मी म्हटलं. "काकांनी सांगितलं होतं. आणि तळ्याच्या त्या विनोदाची. तो तर फारच."

 गॅलरीत कुणीतरी दुसऱ्याला विचारलं, तळ्याचा कुठला, आणि दुसऱ्यानं सांगितलं नाही.

"हं," बायको म्हणाली. तिनं चटईकडे बघितलं. चटईशेजारच्या खरबरीत सिमेंटवर डाव्या पायाचा अंगठा एकदा घासून बघितला. मग काठी माझ्यापुढे केली. "धरा."

मी चटईवरून उतरलो, ती चढली. सात नंबर लागलं. इतक्या माणसांत ते हळू गाणं आधी ऐकूच येईना, मग सगळे बोलायचे थांबले आणि ऐकू यायला लागलं. वर, उजवा, खाली. डावा बाण पेटला. तिनं डावा पाय ठेवला, पूर्ण, टाचेसकट. डबी काही म्हणाली नाही.

लेव्हलकाका खडूची रेघ मारून चटईशी वाकले होते, बोटं पुढे धरून. गाणं अर्धं झालं तरी मोजायला काही मिळेना. त्यांनी सवयीनं नळी काढली, जमिनीला टेकवली, बघितली आणि परत खिशात ठेवली.

मी दोन्ही हातांनी काठी धरून उभा होतो. बाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "वजनमापे, नीट उभे राहा. तुम्ही हलताय."